लाखाचे बक्षीस आणि वर्धेचा चरखा

बाजारात बैल घ्यावयास गेलेला शेतकरी बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, त्यास दहा पावले चालवून पाहतो, आणि मग कोठे कनवटीस हात घालतो. याच शेतकऱ्याचा शिकून शहाणा झालेला मुलगा एखादे यंत्र घ्यावयास निघाला म्हणजे मात्र छापील पत्रकातील चित्र पाहतो, विकणाऱ्याचे गोड बोलणे ऐकतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. हल्ली मोठमोठ्या पेढ्यांतून व कचेऱ्यांतून हिशेबासाठी संगणकाची व्यवस्था विकत घेतात तेथेही पुष्कळदा हाच प्रकार चालतो. उद्घाटनाचा नारळ फुटतो, चार महिने कौतुक होते, आणि वर्ष उलटते न उलटते तोच कारकून मंडळी जुन्या वह्या हळूच पुन्हा उघडतात. मग दोष कोणाचा यावर वाद सुरू होतो. यंत्र विकणारा म्हणतो, वापरणारे अडाणी. वापरणारे म्हणतात, यंत्रच खोटे. यंत्र घेण्यापूर्वी ते कोणासाठी, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या अटींवर घ्यावयाचे याचा कागद कोणी केला होता काय, हा प्रश्न या वादात सहसा कोणी विचारीत नाही.

असा कागद आपल्या देशात एकदा फार काळजीपूर्वक केला गेला होता, आणि त्याचा पुढील इतिहास बव्हंशी वर्धेस घडला. वर्धा म्हटले म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे सेवाग्रामची कुटी, प्रार्थना आणि राजकारणी पुढाऱ्यांची ये-जा उभी राहते. ते योग्यच आहे. परंतु त्याच गावी काही माणसे यंत्रांची परीक्षा करीत, लाकूड तासून पाहत आणि मजुरीचे पैपैचे हिशेब मांडीत बसली होती, याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. खादी हे व्रत होते तसाच तो व्यापारही होता. त्यास भांडवल होते, वखारी होत्या, दुकाने होती, तोटाही येत असे. या व्यापाराने यंत्र कसे शोधले, काय मिळविले आणि काय गमावले, ते येथे सांगावयाचे आहे.

कथा थोडी मागून घेतली पाहिजे. वर्धा नदीचे खोरे कापसाचे. हिंगणघाटचा कापूस एके काळी व्यापाऱ्यांत स्वतःच्या नावाने ओळखला जाई. १८६७ साली आगगाडी वर्धेवरून नागपुरास जाऊन पोहोचली तेव्हा हा कापूस मुंबईस नेणे सोपे झाले; आणि जमशेटजी टाटा यांच्या मनात उलटा विचार आला, की कापूस गिरणीकडे नेण्याऐवजी गिरणीच कापसाकडे का आणू नये? १८७४ साली त्यांनी १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, नागपुरास ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. जागा दलदलीची होती. एका सावकाराने तर म्हणे भांडवल देण्यास साफ नकार दिला; जमिनीत भराव घालण्यासाठी सोने ओतण्याचा हा उद्योग आहे, असे त्याचे मत पडले.

जागेच्या बाबतीत सावकार चुकला. यंत्रांच्या बाबतीत मात्र जमशेटजीच चुकले. काटकसरीच्या हेतूने त्यांनी आरंभी हलक्या प्रतीची यंत्रसामग्री घेतली होती. सूत नीट निघेना, आणि जी बचत झाली असे वाटत होते तीच अंगावर आली. मोठेपणा असा की, चूक ध्यानात येताच त्यांनी ती झाकून ठेवली नाही. यंत्रे बदलून चांगल्या प्रतीची आणविली. पुढे १८८६ साली कुर्ल्याची धरमसी मिल त्यांनी १२॥ लाखांस घेतली, तेव्हा हाच धडा त्यांना दुसऱ्यांदा शिकावा लागला. किंमत पाहिली तर माल फुकटच पडला होता. आत जाऊन पाहिले तो गिरणी मोडकळीस आलेली. ती रुळावर आणण्यासाठी नागपुरातील जाणती माणसे तिकडे न्यावी लागली. एवढा चतुर पुरुषही स्वस्ताईच्या मोहात दोनदा सापडला, हे वाचून आपल्यासारख्यांस थोडा धीर येतो!

पण एम्प्रेस मिलची खरी गोष्ट पुढेच आहे. त्या काळी विलायतेत सूत कातण्याची एक नवी रीत निघाली होती. लोखंडी कड्यावरून एक चिमुकली आकडी गरगर फिरते, तिच्याखालून धागा जातो, आणि पीळ भरणे व सूत गुंडाळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी अखंड चालतात. हिला ‘रिंग’ची पद्धत म्हणतात. लँकेशायरच्या जुन्या कारखानदारांस तिचा भरवसा वाटत नव्हता. जमशेटजींनी व त्यांचे लँकेशायरी तज्ज्ञ ब्रूक्सबी यांनी काय करावे? त्यांनी सगळी गिरणी बदलली नाही आणि नवे म्हणून ते नाकारलेही नाही. नागपूरच्या गिरणीत, नागपूरच्या हवेत, इकडच्या कापसावर आणि इकडच्याच कामगारांच्या हातून त्यांनी थोड्या साच्यांची परीक्षा घेतली. ती उतरल्यावर मग मोठी मागणी नोंदविली. विलायतेतील एका नामांकित कारखान्याने असले साचे करून देण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या कारखान्याकडून ते करवून घेतले.

आणि ही यंत्रे चालविणार कोण? गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे पूर्वी रेल्वेच्या मालखात्यात होते. सुताचे ज्ञान त्यांस मुळीच नव्हते. त्यांच्यापुढे पहिली अडचण उभी राहिली ती यंत्राची नव्हती. कामगार आज येत, उद्या येत नसत. उभा साचा चालता करावयास माणूसच हजर नसे. दंडाने हे साधले नाही. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा फंड, १८९५ साली अपघाताची भरपाई आणि १९०१ साली प्रॉव्हिडंट फंड, अशा क्रमाने त्या गिरणीने माणसे बांधून ठेवली. सबब एम्प्रेस मिलच्या यशाचे श्रेय केवळ रिंगच्या साच्यास देणारा मनुष्य अर्धाच हिशेब वाचतो असे म्हटले पाहिजे.

आता चाळीस वर्षे पुढे येऊ, आणि गिरणीतून झोपडीत शिरू. अहमदाबादेजवळील आश्रमात गांधींनी प्रथम हातमाग बसविले ते गिरणीचे सूत घेऊन. हाताने कातलेले सूत हवे असेल तर चरखा हवा, आणि चरखा तर दिसेनासा झालेला. १९१७ नंतर गंगाबेन मजमुदार नावाच्या एका धाडसी बाईंनी तो बडोदे संस्थानातील विजापूर येथे शोधून काढला. (आपल्या आदिलशाहीचे विजापूर ते निराळे.) माळ्यावर अडगळीत पडलेले चरखे पुष्कळ घरांत होते, बायका कातावयासही तयार होत्या. त्यांची अट एकच होती, की पेळू कोणी तरी नियमाने आणून द्यावेत आणि सूत कोणी तरी विकत घ्यावे. प्रथम मुंबईचे उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू पुरविले. पण गिरणीचे पेळू घेऊन हातसूत कातण्यात काय स्वारस्य, असे मनात आल्यावर पिंजाऱ्याचा शोध सुरू झाला. तो सापडला, आणि त्याने महिना ३५ रुपये मागितले. आत्मकथेत गांधींनी ही रक्कम मुद्दाम नोंदली आहे, आणि त्या वेळी कोणतीही किंमत आपणांस जड वाटली नसती असेही सांगितले आहे.

वाचकांनी हा पेळूचा प्रसंग ध्यानात ठेवावा. चरखा मिळाला, कातणारी मिळाली, आणि तरीही काम अडले, कारण चरख्याच्या अलीकडचे एक काम कोणाच्या हिशेबातच नव्हते. विकत घेतलेले यंत्र डोळ्यांस दिसते. त्यास जे रोज खावयास घालावे लागते ते दिसत नाही.

१९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज त्याचे खजिनदार होते. वर्धेच्या कापसाच्या व्यापारात वाढलेला हा गृहस्थ. खरेदीविक्रीत त्यास कोणी काय शिकवावे? संघाचे काम वाढत गेले तशी एक अडचण अधिकाधिक टोचू लागली. साध्या चरख्यावर दिवसभर कातून बाईच्या पदरात जे पडे ते फारच थोडे होते. सूत अधिक निघाले तर मजुरी वाढेल. सूत अधिक निघावयास चरखा सुधारला पाहिजे. म्हणून १९२९ साली संघाने जाहीर केले की, आम्ही सांगतो त्या अटींस उतरणारे यंत्र जो करील त्यास एक लाख रुपये बक्षीस मिळेल. त्या काळचे लाख रुपये! अर्ज परदेशांतून आले तरी चालणार होते. यंत्र मात्र स्वखर्चाने ३० ऑक्टोबर १९३० च्या आत साबरमतीस पोहोचले पाहिजे, असे ठरले.

त्या अटी वाचताना आजच्या खरेदीखात्यातील अंमलदारांस थोडी लाज वाटावी असे मला वाटते. यंत्र वजनाने हलके असावे, उचलून नेता यावे, हाताने वा पायाने चालावे, आणि खेड्यातील झोपडीत चालावे. आठ तास चालविताना स्त्रीस फार श्रम पडू नयेत. ते हाताने केलेल्या पेळूंवर चालावे, नाही तर पेळू करण्याची सोय त्याच्याच बरोबर असावी. सूत १२ ते २० अंकांचे निघावे, आणि ते किती निघावे हेही ठरलेले होते. हिंदुस्थानात तयार करावयाचा खर्च १५० रुपयांहून अधिक नसावा. यंत्र इतके टिकाऊ असावे की, वेळोवेळी दुरुस्ती केली असता ते निदान वीस वर्षे चालेल. आणि त्या दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या शेकडा ५ हून जास्त जाऊ नये.

यांतील पेळूची अट कोठून आली ते सांगावयास नकोच. विजापूरच्या पिंजाऱ्याचे ३५ रुपये तीत बोलत आहेत. दुसरी गोष्ट अशी की, यंत्र चालविणारी व्यक्ती या कागदात स्पष्ट दिसते. ती स्त्री आहे, झोपडीत बसली आहे, आणि तिला आठ तास बसावयाचे आहे. सामान्यतः यंत्राचे गुण लिहिणारा मनुष्य वेग, बळ आणि माप लिहितो. ते कोणाच्या हातांत जावयाचे हे तो लिहीत नाही. तिसरी गोष्ट दुरुस्तीची. किंमत एकदाच द्यावी लागते. दुरुस्ती वीस वर्षे द्यावी लागते. ती आधी ठरवून घेणारा गिऱ्हाईक विरळा.

तथापि या उत्तम कागदातही एक कोपरा सैल राहिला असे मला वाटते, आणि तो थोड्या गणिताने दिसेल. पुढे १९३५ साली संघाने कातणाऱ्यांच्या मजुरीचे मान ठरविले, तेव्हा आठ तासांच्या चांगल्या कामास सुमारे तीन आणे ही रक्कम पुढे आली. आणि तीही पूर्वीपेक्षा वाढवून. १५० रुपयांचे शेकडा ५ म्हणजे वर्षास साडेसात रुपये, अर्थात १२० आणे. तीन आणे रोजाने हे ४० दिवसांचे काम झाले. यंत्राची सगळी किंमत म्हणजे तर ८०० दिवसांची मजुरी. कोणी म्हणेल, यंत्र सुधारले म्हणजे सूत कितीतरी पट निघणार, मग रोज तीन आण्यांचा हिशेब कशाला? हे खरे आहे. परंतु कितीतरी पट सूत निघाले तर ते कितीतरी पट विकलेही गेले पाहिजे, आणि १५० रुपये आरंभी कोणी तरी पुढे केले पाहिजेत. यंत्र कोणाच्या मालकीचे असावे, पैसे कोणी घालावे आणि सूत कोणी उचलावे, या तीन गोष्टी त्या अटींत नव्हत्या. शोधकास त्यांची उत्तरे देता येण्यासारखी नव्हतीच. ती संघानेच द्यावयाची होती.

निकाल काय लागला? १९३० साल उजाडले ते मिठाच्या सत्याग्रहाचे. मे महिन्यात गांधी तुरुंगात गेले. तथापि शोधकांचे प्रयत्न थांबले नाहीत. आपल्याकडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही या स्पर्धेसाठी यंत्र घडविण्याची खटपट झाली, आणि नांगर व चरक यांत नाव कमावलेल्या त्या मंडळींनी ती मनापासून केली. परंतु सर्व अटींस उतरणारे यंत्र कोणाच्याही हातून झाले नाही, आणि ते लाखाचे बक्षीस कोणासही मिळाले नाही.

असे का व्हावे? अटी एकमेकींशी भांडत होत्या हे त्याचे कारण दिसते. सूत पुष्कळ हवे तर अनेक चात्या हव्यात, लाटा हव्यात, दात्यांची चाके हवीत. दात्यांची चाके बिनचूक हवीत, म्हणजे ती कारखान्यात झाली पाहिजेत. ती कारखान्यात झाली की खेड्यातील सुतारास दुरुस्त करता येत नाहीत, आणि वीस वर्षांची व शेकडा ५ ची अट कोसळते. उलट सुतारास जमेल इतके सोपे करावे तर सूत वाढत नाही. एवढे मात्र म्हटले पाहिजे की, संघाने आपल्या शब्दास बट्टा लावला नाही. लोक डोळे लावून बसले आहेत, वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला आहे, तेव्हा अटी थोड्या ढिल्या करून कोणास तरी माळ घालावी, असा मोह होण्यासारखी ती वेळ होती. किती संस्था या मोहातून सुटतात? नको असलेले यंत्र ‘आता एवढे झालेच आहे तर’ म्हणून घरात घेतल्याची उदाहरणे प्रत्येकाच्या परिचयाची असतील.

गंमत अशी की, स्पर्धा निष्फळ होत असतानाच चरखा सुधारत होता, पण निराळ्या हातांनी. प्रभुदास गांधी यांनी पायाने चालणारा, दोन चात्यांचा ‘मगन चरखा’ केला. दोन्ही हात मोकळे राहून दोन धागे निघावेत ही त्याची कल्पना. येरवड्याच्या तुरुंगात स्वतः गांधींच्या खटपटीतून पेटीत मिटणारा ‘येरवडा चरखा’ आकारास आला. त्यात एका चाकाऐवजी दोन लहान चाके बसवून वेग साधला होता, आणि काम संपले की तो पेटीसारखा मिटून काखेत मारता येई. या दोघांनाही लाखाची अपेक्षा नव्हती. ते रोज कातीत होते, आणि कातताना खांदा कोठे दुखतो, माळ कोठे निसटते, हे त्यांच्या शरीरासच ठाऊक होते.

१९३३ साली साबरमतीचा आश्रम विसर्जित झाला आणि गांधींचे ठाणे वर्धेस आले. १४ डिसेंबर १९३४ रोजी तेथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजींनी आपला बाग-बंगला त्यास देऊन टाकला, आणि १९२८ साली दिवंगत झालेल्या मगनलाल गांधींच्या नावावरून त्यास मगनवाडी म्हणू लागले. मगनलाल हे आश्रमाच्या विणकामाचे व चरख्याचे खरे जाणते. संघाचे चिटणीस झाले जे. सी. कुमारप्पा. हे गृहस्थ विलायतेत हिशेबतपासनिसाची विद्या शिकलेले, नंतर अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. मुंबईत धंदा करीत असता तो सोडून इकडे आले. लोकांस त्यांच्या भाषणांतील तत्त्वज्ञान आठवते. माझ्या मते त्यांच्यातील हिशेबनीस अधिक महत्त्वाचा आहे. कारण मगनवाडीत जे प्रश्न विचारले गेले ते हिशेबनिसाचे प्रश्न होते: हे यंत्र कोण घडवील, मोडले तर कोण नीट करील, कच्चा माल कोठून येईल, आणि शेवटी कारागिराच्या हातावर किती पैसे राहतील?

यांतील सर्वांत बोलके उदाहरण चरख्याचे नसून घाण्याचे आहे. गावोगावचे तेलघाणे बंद पडत होते, आणि जो तो म्हणे, घाणा जुनाट, गिरणीपुढे कसा टिकणार? मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी हे काम हाती घेतले. घाण्यात त्यांनी सुधारणा केल्या; ‘वर्धा घाणा’ हे नाव पुढे तेलाच्या धंद्यात रूढ झाले. एवढ्यावर कोणीही समाधान मानले असते. परंतु झवेरभाई तेल्याच्या घरापर्यंत गेले, आणि १९३९ च्या सुमारास त्यांचा निष्कर्ष ‘हरिजन’ पत्रातून लोकांपुढे आला, तो घाण्याविषयी नव्हताच. सुगी संपली की गावातील तेलबी गाव सोडून जाते. तेल्याजवळ ती त्या वेळी विकत घेऊन साठविण्यास पैसा नसतो. पुढे शहरातून चढ्या भावाने आणणे त्यास परवडत नाही. मग वर्षातून कितीतरी महिने घाणा रिकामा उभा आणि बैल बसून खातो. घाणा बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण हे होते. अशा तेल्यास दुप्पट तेल काढणारा घाणा नेऊन दिला असता तर काय झाले असते? तो दुप्पट वेगाने रिकामा झाला असता! तेल्यास हवे होते ते सुगीच्या दिवसांत थोडे कर्ज आणि बी ठेवावयास कोठार.

हा निष्कर्ष ज्या दिवशी निघाला तो दिवस माझ्या दृष्टीने वर्धेच्या इतिहासात कोणत्याही ठरावाइतका मोलाचा आहे. यंत्र सुधारण्यासाठी नेमलेल्या माणसाने ‘येथे यंत्राहून अगोदर दुसरे काही हवे आहे’ असे सांगणे, ही साधी गोष्ट नव्हे. ज्याचा पगार यंत्रावर अवलंबून आहे तो सहसा असे सांगत नाही.

मजुरीचा प्रश्नही वर्धेसच धसास लागला. नालवाडीस विनोबा भावे आठ-आठ तास कातून, संघ जी मजुरी कातणाऱ्या बायांस देई तेवढ्यातच आपले पोट भरते काय हे स्वतःवर आजमावून पाहत होते. ते भरत नव्हते. गांधींची इच्छा तासास आणा, म्हणजे दिवसास आठ आणे, मजुरी द्यावी अशी होती; ठरले ते सुमारे तीन आणे. आठ आणे दिले तर खादीची किंमत इतकी चढेल की ती घेणार कोण, ही व्यापाऱ्याची शंका होती, आणि ती खोटी म्हणता येत नाही. लाखाच्या बक्षिसाच्या वेळी सैल राहिलेला कोपरा हाच. यंत्र, मजुरी आणि गिऱ्हाईक ही तीन पाटांची शिवण आहे. एक धागा ओढला की दुसऱ्या बाजूस चुणी पडते.

३० डिसेंबर १९३८ रोजी मगनवाडीत मगन संग्रहालय उघडण्यात आले. गांधींना ते केवळ पाहण्याचे ठिकाण नको होते. खेड्यातील कारागिराने तेथे येऊन आपले हत्यार दुसऱ्याच्या हत्याराशी ताडून पाहावे, असा त्याचा उद्देश होता. यंत्र विकत घेण्यापूर्वी ते कोठे तरी मांडलेले पाहावयास मिळावे, हातात धरावयास मिळावे, ही सोय आज कितीशा लहान व्यापाऱ्यांस आहे?

आता शेवटचा भाग. १९४९ च्या सुमारास तमिळ प्रांतातील एकांबरनाथन् या कारागिराने एक नवा चरखा तयार केला. त्याच्या नावावरून पुढे त्यास ‘अंबर चरखा’ म्हणू लागले. चरखा संघाच्या मंडळींनी त्यावर काम करून तो चार चात्यांपर्यंत नेला. बक्षिसाची मुदत संपून वीस वर्षे झाली होती. पण लाखाच्या चरख्याचे स्वप्न जणू काही आता खरे होऊ लागले. अंबर चरख्याच्या पोटात पाहिले म्हणजे ओळखीचा एक अवयव दिसतो: लोखंडी कडे आणि त्यावरून फिरणारी आकडी. जमशेटजींनी नागपुरास पारखलेली ती रिंग, सत्तर वर्षांनी झोपडीत आली होती.

साध्या चरख्यावर बाई धागा ओढते, पीळ भरते, मग थांबून सूत चातीवर गुंडाळते. ओढणे आणि गुंडाळणे आळीपाळीने चालते. पेळू कोठे जाड, कोठे विरळ असला तरी तिची बोटे ते ओळखतात आणि सावरून घेतात. रिंगच्या चरख्यात धागा अखंड निघतो, वेग वाढतो, आणि बोटांचे हे शहाणपण बाजूस पडते. तेव्हा पेळू आधीच एकसारखा हवा. तो एकसारखा करावयास पिंजण्याचे वेगळे साधन हवे, वळणारी वेगळी बेलनी हवी. अशा रीतीने एका चरख्याच्या जागी एक लहानसा कारखाना झोपडीत आला. तो मोडला तर लाटांवरचे आवरण, कडे, आकडी, दात्याचे चाक यांपैकी एकही वस्तू गावच्या सुतारास करता येण्यासारखी नव्हती.

१९५५ साली दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी ग्रामोद्योगांचा विचार केला, तेव्हा अंबर चरख्यास मोठे स्थान दिले. १९५६ साली सरकारने त्याच्या परीक्षेसाठी निराळी समिती नेमली. कर्व्यांसारखा साक्षेपी अर्थशास्त्रज्ञ मागे असता हे काम हलगर्जीपणाने झाले असे म्हणता येणार नाही. बेकारी मोठी होती, कापड हवे होते, भांडवल थोडे होते. अशा वेळी हा चरखा आशेचा वाटावा हे स्वाभाविक होते. परंतु खरेदीचा कर्ता आता बदलला होता. पूर्वी अटी लिहिणारा स्वतः कातीत होता. आता चरखे सरकारी योजनेने, ठरलेल्या वर्षात ठरलेली संख्या पुरी करण्यासाठी वाटले जाऊ लागले. किती चरखे वाटले हे मोजणे सोपे, किती चालू आहेत हे मोजणे कठीण. आणि जे सोपे तेच कागदावर प्रथम चढते. लवकरच पुष्कळ ठिकाणी अंबर चरखे निजलेले आढळू लागले. कोठे सुटा भाग मिळेना, कोठे सुताचा उठाव होईना, आणि फार ठिकाणी तीच जुनी तक्रार: चांगला पेळू वेळेवर मिळत नाही.

हा प्रश्न शेवटी खादी कमिशनने ज्या रीतीने सोडविला ती मोठी विलक्षण आहे. चित्रदुर्ग, रायबरेली, सिहोर अशा ठिकाणी पेळू तयार करणारे मोठे कारखाने उभारण्यात आले. तेथे कापूस यंत्रांनी पिंजून, एकसारखा ओढून, त्याची तयार वात गुंडाळतात, आणि ती आगगाडीने व मालमोटारीने दूरदूरच्या खादी संस्थांकडे जाते. सहा-सहा, आठ-आठ चात्यांचे नवे चरखे आता तीवर चालतात. विजापुरास गंगाबेनच्या पिंजाऱ्याने महिना ३५ रुपये मागितले, आणि गिरणीचे पेळू नकोत म्हणून ते आनंदाने कबूल केले गेले. आज झोपडीतील चरख्याच्या दाराशी जी वात येऊन पडते ती पुन्हा कारखान्यातूनच आलेली असते. आणि ती यावयास आठवडाभर उशीर झाला की, कातणारी बाई विजापूरच्या बायांनी विचारला होता तोच प्रश्न विचारीत दारात बसते.